मागची डावी बाजू

१

गाडीतला आवाज कुणालाच सापडेना की किर्गिझस्तानातल्या आत-बाशी गावातले लोक कासिमालीकडे येत. बाकीचे मेकॅनिक आल्या आल्या गाडीखाली शिरत, कासिमाली आधी शेजारच्या सीटवर बसे, काच खाली करी आणि म्हणे, "चालव. आणि बोलू नकोस." दोन वळणं झाली की तो सांगे, पुढचा उजवा जॉइंट गेलाय, नाहीतर मागचं रबर सुकलंय. बहुतेक वेळा तसंच निघे. तीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. छप्पन्नाव्या वर्षी गुडघे गेले होते, पण कान शाबूत होते.

घर आणि गॅरेज एकाच अंगणात होतं. बायको, झुरा, चार वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी रशियात गेली, सहा महिन्यांपुरती. मग मुलीला दुसरं बाळ झालं, मग नोकरी लागली, आणि मग परत येण्याचा विषय कुणी काढेनासं झालं. रविवारी फोन यायचा. "जेवता ना नीट?" झुरा विचारायची. "जेवतो," तो म्हणायचा. मागं नातवंडांचा गोंधळ असायचा. फोन ठेवला की घरात इतकी शांतता व्हायची की भिंतीपलीकडे शेजाऱ्याची गाय रवंथ करत असली तरी कळायचं.

ऑक्टोबर लागला होता. वरच्या कुरणांवरून मेंढ्या खाली उतरायला लागल्या होत्या. त्या दिवसांत एका सकाळी उल्कान अंगणात गाडी घेऊन आली. उल्कान गुरांची डॉक्टर. चाळिशीची, उंच, मोठ्या आवाजात बोलणारी. आर्पाच्या कुरणांपर्यंतचे सगळे कळप तिच्याकडे होते, आणि सहा वर्षं ती तो रस्ता एकटीच करत होती. कासिमालीला ती बाइके म्हणायची, थोरल्या भावाला म्हणतात तसं.

"बाइके, माझ्या गाडीत कुणीतरी बसून हातोडा मारतंय," ती उतरता उतरता म्हणाली.

"कुठल्या बाजूला?"

"मागं, डाव्या अंगाला. अगदी माझ्या पाठीमागं." तिकडच्या गाड्यांत स्टिअरिंग डावीकडे असतं.

२

ऑगस्टमध्ये तिनं गाडी उंच करून घेतली होती. मूळच्या स्प्रिंगा काढून बाहेरून मागवलेल्या, जाड आणि ताठ स्प्रिंगा. शॉकअपही लांब दांड्याचे. नदीतले गोटे खाली लागू नयेत म्हणून. काम शहरातल्या कुणीतरी केलं होतं.

कासिमालीनं गाडी गॅरेजातल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली, दिवा लावला आणि खाली उतरला. पाच मिनिटांत त्याला हसू आलं.

"ज्यानं कुणी हे बसवलं ना, त्यानं गाडी वर उचललेली असतानाच सगळे बोल्ट करकचून आवळलेत."

"मग? सैल ठेवायचे?"

"अगं, चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबराला वाटतं, लोंबकळणं हीच आपली जागा. गाडी जमिनीवर आली की ते बिचारं कायम पिळलेलं. मग ते ओरडणार नाही तर काय करणार? चाकांवर वजन आलं की मगच शेवटचं आवळायचं. वजन सगळं खरं सांगतं."

"माझ्या आईसारखं बोलताय. तीपण दर ईदला माझं वजन करते."

त्यानं सगळे बोल्ट सैल केले, गाडी चाकांवर उभी केली, मागं दोनदा धक्के मारून बसवली आणि मग एकेक बोल्ट आवळला. शंका नको म्हणून डावी स्प्रिंग उजवीकडे आणि उजवी डावीकडे केली. डावा शॉकअप काढून हातानं दाबून पाहिला; चांगला होता. उल्कान निघाली तेव्हा गाडीची करकर थांबली होती. फाटकातून बाहेर पडताना तिनं आनंदानं हॉर्न वाजवला.

तीन दिवसांनी ती परत आली. या वेळी हॉर्न नव्हता.

"करकर गेली," ती म्हणाली. "हातोडा आहे."

३

जनावरांच्या नोंदी ठेवते तशी तिनं वहीत नोंद ठेवली होती. ऑगस्टपासूनच्या अकरा फेऱ्या. ज्या फेरीत वाजला, त्या फेरीत आवाज दोनदाच. पहिला तिसऱ्या पुलाच्या पुढं, चढ सुरू होतो तिथं: जड, बोदा. दुसरा त्यानंतर नऊ किलोमीटरवर, रस्ता दुरुस्त करणाऱ्या कामगारांची जुनी रिकामी घरं आहेत तिथं: कोरडा, टणक. मध्ये काही नाही.

"रस्ता तिथं खचलेला असेल," कासिमाली म्हणाला.

"मी उतरून पाहिलंय. तळहातासारखा सपाट आहे."

"आणखी काही?"

ती जरा घुटमळली. "मी एकटी असले तरच होतो. परवा एका मेंढपाळाची बायको शेजारी होती. सबंध रस्ता तिनं सुनेची उणीदुणी काढली, पण गाडी गप्प. हसू नका."

तो हसला नाही. "एक माणूस वाढलं की स्प्रिंगेवरचं वजन बदलतं. वजन बदललं की आवाज बदलतो, कधी जातोही. यात काही नवल नाही."

हे तो खरंच मनापासून बोलला. आणि म्हणूनच त्या दिवशी तो तिच्या शेजारी बसून आर्पाच्या रस्त्यानं गेला तेव्हा काहीही वाजलं नाही, याचंही त्याला नवल वाटलं नाही. तिसरा पूल आला, गेला. रिकामी घरं आली, गेली. उल्कान मात्र स्टिअरिंग घट्ट धरून बसली होती.

"आता तुम्ही म्हणाल, बाईच्या डोक्यात आवाज आहे."

"गाडी ठेवून जा," तो म्हणाला. "उद्या मी एकटा नेतो."

४

दुसऱ्या दिवशी दुपारी, निघण्यापूर्वी, त्यानं टेप काढला. मागच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत: डावीकडे छप्पन्न सेंटिमीटर, उजवीकडे छप्पन्न. मागचं सामान काढून ठेवलं, औषधांची पेटी, दोर, फावडं, सगळं. सीटवर उल्काननं नमद्याची, दाबलेल्या लोकरीची रंगीत सतरंजी अंथरली होती, ती काढायला काही कारण नव्हतं.

ऊन होतं, पण बोचरं वारं सुटलं होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यानं काच खाली घेतली आणि नेहमीसारखा गप्प बसला. बोलायला तसंही कोण होतं. टायरखालची खडी, वारा, इंजिन. गाडी सुरेख चालली होती. आपल्या कामावर खूश होण्याइतकी सुरेख.

तिसरा पूल ओलांडला. चढ सुरू झाला.

धप्प.

बोदा आवाज, बरोबर त्याच्या पाठीमागं. आणि आवाजापेक्षा जे त्याच्या कंबरेला कळलं ते वेगळंच होतं. खड्डा लागला की गाडी खाली जाते आणि वर येते. ही खाली गेली आणि खालीच राहिली. स्टिअरिंग किंचित बदललं. मागं कुणी चढून बसलं की बदलतं, तसं.

स्प्रिंग तुटली, त्याच्या मनात आलं. दुसरं काय असणार? पण तुटलेली स्प्रिंग खडखडते. शॉकअप फुटला असेल तर गाडी झुलली असती. ती झुलत नव्हती, खडखडत नव्हती. फक्त जड झाली होती आणि शांतपणे चढ चढत होती.

तीन किलोमीटर तो तसाच गेला. मग त्यानं आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. सतरंजी डाव्या टोकाला दबलेली होती, मध्ये एक घडी पडली होती. दबलेली तर दबलेली, उल्काननं काहीतरी ठेवलं असेल. तो पाहत असतानाच ती घडी हलली. डावीकडून सरकत सरकत थोडी मध्याकडे आली. मागं बसलेलं माणूस पुढचा रस्ता नीट दिसावा म्हणून जरासं सरकतं ना, तेवढीच.

कासिमालीनं गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर गाडीत त्या दोघांशिवाय दुसरा आवाज उरला नसता. रस्ता रुंद झाला तिथं त्यानं गाडी वळवली आणि परत फिरला. रिकामी घरं अजून सहा किलोमीटर पुढं होती. त्या वेळी त्याला ते सुचलंही नाही.

५

परतीच्या वाटेवर एकही आवाज झाला नाही.

अंगणात गाडी उभी केली तेव्हा चार वाजले होते. तो उतरला, दार लावलं आणि टेप घेतला. उजवीकडे छप्पन्न. डावीकडे चोपन्न.

तो खाली शिरला. दिवा धरून सगळं पाहिलं. स्प्रिंग सलग होती, आपल्या जागी बसलेली. शॉकअप कोरडा, तेलाचा थेंब नाही. रबरं, बोल्ट, पट्ट्या, सगळं जिथल्या तिथं. बाहेर येऊन पुन्हा मोजलं. चोपन्न.

मग त्यानं डोकं चालवलं. कोठीतून पिठाचं पोतं ओढत आणलं, अख्खं, न उघडलेलं, पन्नास किलोचं. मागचं उजवं दार उघडून ते सीटवर ठेवलं. डावीकडे न बघता ठेवलं. बाहेर येऊन मोजलं.

उजवीकडे चोपन्न.

तो पिठाच्या पोत्याइतक्या वजनाकडे पाहत अंगणात उभा राहिला. पन्नास किलो. किडकिडीत माणूस. किंवा झिजलेलं.

मग त्याला दुसरी गोष्ट कळली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. उल्कान सहा वर्षं त्या रस्त्यानं जात होती. मूळच्या स्प्रिंगा मऊ होत्या. त्यांच्यावर कुणी बसलं काय, उठलं काय, त्या बोलल्या नसत्या. ताठ स्प्रिंगा बोलल्या, इतकंच. पहिला आवाज चढण्याचा. दुसरा, तो टणक, वजन अचानक गेल्यावर शॉकअपचा दांडा पूर्ण ताणून अडतो त्याचा. उतरण्याचा.

आणि आज उतरण्याची जागा येण्याआधीच तो वळला होता.

त्यानं पोतं काढलं नाही. घरात गेला, कडी लावली आणि चूल पेटवली.

६

सकाळी उजाडल्यावर तो बाहेर आला. गाडीचं मागचं डावं दार नीट लागलेलं नव्हतं. उघडंही नव्हतं, पहिल्या खटक्यावर अडकलं होतं. दार लोटायला ज्याच्या अंगात जोर नाही, किंवा ज्याला आवाज करायचा नाही, त्याच्या हातून राहतं तसं. काल उजवं दार त्यानं स्वतः उघडलं होतं. डाव्याला हात लावला नव्हता.

त्यानं पोतं काढून मोजलं. डावीकडे छप्पन्न. उजवीकडे छप्पन्न.

याचा आनंद व्हायला हवा होता.

तो आत आला, चहा केला, त्यात दूध आणि मीठ घातलं, नान तोडलं आणि सायीच्या वाडग्यापुढं बसला. घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघर, आणि पलीकडे झुराची मोठी खोली, जिथं तो आताशा फक्त रविवारचा फोन घ्यायला जायचा. त्या खोलीच्या उंबऱ्याशी जमिनीची एक फळी सैल होती. पाय ठेवला की ती कण्हायची, पाय उचलला की पुन्हा, थोड्या वरच्या सुरात. त्याच्या कानाला दोन्ही सूर पाठ होते.

घास तोंडात असताना फळी कण्हली. एकदा.

तो चावायचा थांबला. थंडीनं लाकूड आकसतं, त्यानं स्वतःला सांगितलं. ऊन चढलं की पसरतं. उंदीर असेल. पण उंदरानं ती फळी बोलत नाही, आणि आकसलेलं लाकूड कडाडतं, कण्हत नाही. तो दुसऱ्या सुराची वाट पाहत राहिला. चहा गार झाला, वर साय धरली. दुसरा सूर आला नाही. फळीवर ठेवलेलं वजन उचललं गेलं नव्हतं.

उंबऱ्यात कुणीतरी उभं होतं आणि आत यावं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं.

कासिमाली तिकडे बघू शकला असता. दार उघडंच होतं. त्यानं चहाचा वाडगा हळूच खाली ठेवला आणि मागच्या दारानं अंगणात गेला.

७

दहा वाजता उल्कान पायी आली.

"सापडला हातोडावाला?"

"सापडला," तो म्हणाला. "आता वाजणार नाही."

"काय होतं?"

"एक वजन चुकीच्या जागी बसलं होतं."

"आणि तुमचा चेहरा असा का? झोप नाही झाली?" तिनं वाकून त्याच्याकडे पाहिलं. "बाइके, माझ्याबरोबर चला वर. मेंढपाळ कुउरदाक करणार आहेत, ताज्या मटणाचं. दिवसभर माणसांत बसाल."

तो हो म्हणणार होता. मग त्याला वाटलं, आपण गाडीत बसलो आणि अंगणातून निघताना गाडी पुन्हा मागं झुकली तर? "गुडघे दुखतायत," तो म्हणाला. ती सामान भरून निघाली. तो फाटकात उभा राहून गाडीची मागची बाजू पाहत राहिला. सरळ होती. नाल्याच्या वळणापर्यंत सरळच राहिली.

दुपारी एकला, तो अंगणातच असताना, खिंडीवरून मोबाइलवर तिचा फोन आला. वाऱ्यात तिचा आवाज तुटत होता.

"नाही वाजली! कुठंच नाही! तुमच्या हातांना सोन्याच्या अंगठ्या करायला हव्यात."

"बरं झालं."

"एक सांगू? हसाल तुम्ही." तिनं गाडीची काच वर केली असावी, वारा कमी झाला. "इतकी वर्षं जातेय मी या रस्त्यानं. भीती वाटायची कधी कधी, पण एकटं असं वाटायचं नाही. आज वाटलं. रिकामी घरं आली आणि मला एकदम रडू फुटलं. काय हा वेडेपणा."

"दमली आहेस," कासिमाली म्हणाला. "वर जा, जेव पोटभर."

फोन ठेवल्यावर त्याला घरातून फळीचा दुसरा सूर ऐकू आला.

८

त्याची स्वतःची गाडी जुनी, सोव्हिएत काळातली, मऊ स्प्रिंगांची. कुणी मागं बसलं की ती म्हातारीसारखी कण्हत खाली जायची. त्यानं ती अंगणाच्या मधोमध आणली, मागचं डावं दार सताड उघडलं आणि बाजूला झाला. शेजारीण कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. तिनं विचारलं, "कुणाला घेऊन निघालात?"

"पाहुणे," तो म्हणाला.

वारा थांबल्यासारखा झाला. गाडी कण्हली आणि मागच्या डाव्या चाकावर सावकाश खाली बसली. त्यानं दार लावलं. जोरात लावू नये असं त्याला वाटलं.

मग तो आर्पाच्या रस्त्याला लागला. आरशावर त्यानं टोपी अडकवली होती. पहिला पूल, दुसरा, तिसरा. "तिथपर्यंत सोडतो," तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला परका वाटला. "काल चूक झाली. मला माहीत नव्हतं." मागं ऐकून घेतलं जातंय हे त्याला कळत होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांत गप्प बसून त्यानं ऐकलं होतं; ऐकणाऱ्याची शांतता कशी असते ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

रिकामी घरं आली. चार दारं, एकालाही फळी नाही. एका छपरातून चुलीचं धुराडं वाकडं बाहेर आलं होतं. आतल्या खोलीत भिंतीला अजून निळा रंग होता आणि निळ्यावर खाटेच्या उंचीवर एक काळपट पट्टा, कुणीतरी वर्षानुवर्षं पाठ टेकून बसल्यानं पडतो तसा. यापेक्षा जास्त त्यानं पाहिलं नाही. गाडी थांबवली, उतरला, मागचं दार उघडलं आणि घराकडे पाठ करून उभा राहिला. म्हातारं माणूस उतरत असताना आपण पाठ करतो, त्याला संकोच वाटू नये म्हणून.

बराच वेळ काही झालं नाही. वारा दारातून आत जाऊन बाहेर येत होता. मग गाडी कण्हली, वरच्या सुरात, आणि मागची बाजू वर आली.

 कासिमालीचे डोळे भरून आले. त्यानं न वळता, पाठीमागच्या घराला निरोप म्हणून, दोन्ही हात छातीशी नेले. मग दार लावलं आणि पुढं येऊन बसला. काचा वर केल्या, कारण दात वाजत होते. किल्ली फिरवली.

गाडी पुढच्या उजव्या बाजूला हळूच खाली बसली.

तो सरळ समोर पाहत राहिला. उंचावर थंडी होती. त्याच्या श्वासानं त्याच्या पुढची काच धुरकटली. आणि उजवीकडे, शेजारच्या सीटसमोर, काचेवर एक लहान गोल धुरकट डाग उमटला. विरला. पुन्हा उमटला. जरा सावकाश, दम लागलेल्या माणसासारखा.

डावा हात दाराच्या कडीवर होता. त्यानं तो तिथंच राहू दिला. इंजिन चालू होतं, रस्ता दोन्हीकडे रिकामा होता. अंगणात परतलो की पहिल्यांदा काय कानावर पडेल, याचा त्यानं विचार केला. रविवार अजून चार दिवस लांब होता.

मग त्यानं हात कडीवरून काढून स्टिअरिंगवर ठेवला आणि गाडी वळवली. तिसऱ्या पुलाच्या अलीकडे मोठा खड्डा आहे. तिथं आल्यावर त्यानं वेग कमी केला आणि गाडी हळूच, एकेक चाक उतरवत नेली, शेजारी कुणी बसलेलं असताना नेतो तशी.